ब्रेकमध्ये गेलेलं पेट्रोल

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात माझी एक वही असते. वही कसली, एका जुन्या डायरीची उरलेली अर्धी पानं आणि कडेला अडकवलेलं पेन. टाकी फुल केली की तारीख, किलोमीटर, लिटर असं लिहायचं, भागाकार करायचा आणि उत्तराला गोल करायचा. ही सवय बाबांची. त्यांच्या पहिल्या गाडीतला पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की तिथेच मुक्काम ठोकायचा आणि मग एकदम तळाला जायचा, त्यामुळे टाकीत काय उरलंय ते वहीच सांगायची. माझ्या गाडीचा काटा शहाण्यासारखा वागतो, पडद्यावर ॲव्हरेजही झळकतं, तरी वही सुटली नाही. पडद्यावरचा आकडा थोडा तोंडपुजा आहे. वहीपेक्षा नेहमी अर्धा-पाऊण किलोमीटर जास्तच सांगतो.

कित्येक वर्षं वहीतले गोल १६च्या आगेमागे होते. १६.२, १५.८, १६.५. मग एकदा गाडी महिनाभर पावसात उभी राहिली आणि त्यानंतरच्या टाकीला १५.१ आलं. पुढच्या टाकीला १४.३. त्याच्या पुढच्या टाकीला १३.४.

एखाद्या टाकीचा आकडा घसरला तर मी मनावर घेत नाही. पंपावरचं नोझल कधी लवकर बंद होतं, कधी उशिरा. अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच. पण सलग तीन टाक्या खाली जात असतील तर गाडी काहीतरी सांगते आहे.

ॲव्हरेज पडलं की माणसाचा पहिला संशय पंपावर. मीही तेच केलं. माप मारतात, भेसळ करतात, हे इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की पुरावा मागावासाच वाटत नाही. दोन महिन्यांत तीन पंप बदलले. तिन्हीकडे वहीने एकच उत्तर दिलं, तेव्हा मनातल्या मनात तिघांची माफी मागितली.

मग हवा. चारही टायर २६ पीएसआयवर (पंपावर हवेचा दाब ज्या मापात मोजतात ते) आले होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. (टायरच्या अंगावर कोरलेला आकडा बघून हवा भरू नये. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, आपल्या गाडीची गरज नाही.) मला वाटलं, चोर सापडला. हवा भरली, टाकी फुल केली, वहीत आलं १३.६. नंतर वाचताना कळलं की अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांची हवा सरासरी १ पीएसआयने उतरली की मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं. माझे सात गेले होते, म्हणजे जेमतेम दीड टक्का. आणि वहीत तर १७ टक्क्यांची खोट होती.

हवेबद्दल उगाच फार मोठ्या गोष्टी सांगितल्या जातात, असं मला तेव्हापासून वाटतं. हवा नीट ठेवायची ती मुख्यतः टायरसाठी. कमी हवेवर टायरच्या कडा झिजतात, टायर जास्त तापतो, ब्रेक लावल्यावर गाडी मनासारखी थांबत नाही. टायर वर्षभर आधी बदलावा लागला तर तो खर्च पेट्रोलच्या बचतीला गिळून वर ढेकर देतो. आणि हवा मोजायची ती टायर गार असताना. दहा-पंधरा किलोमीटर पळवून पंपावर गेलं की तापलेला टायर तीन-चार जास्तच दाखवतो. तो पोरगा ‘बरोबर आहे ताई’ म्हणतो आणि आपण कमी हवेवरच परत येतो. म्हणून एक छोटं गेज घेऊन वहीशेजारी ठेवलं आहे. सकाळी गाडी काढायच्या आधी चार टायर, दोन मिनिटं.

तिसरा आरोपी एअर फिल्टर. मेकॅनिकने तो काढून माझ्यासमोर जमिनीवर आपटला. त्यातून धूळ, दोन वाळकी पानं आणि एक मेलेलं झुरळ पडलं. एवढं दृश्य बघितल्यावर कोण नाही म्हणेल? नवा फिल्टर बसवला. गाडीला पिकअप जरा बरा आला, वही हलली नाही. यातही गंमत आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फिल्टर तुंबला की पेट्रोलचं प्रमाण वाढायचं आणि ॲव्हरेज खरोखर पडायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हे तपासलं होतं. तुंबलेल्या फिल्टरने नव्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, वेग घ्यायला मात्र जास्त वेळ लागला. फिल्टर बदलायचाच, पण इंजिनासाठी. पेट्रोल वाचवायचं म्हणून दर महिन्याला तो आपटण्यात अर्थ नाही.

खरा चोर सापडला तो हाताला. एका रात्री मोकळ्या रस्त्याने बारा किलोमीटर आले, ब्रेक फारसा लावावाच लागला नव्हता. गाडी लावून मागून वळसा घातला तर उजव्या मागच्या चाकाजवळ एक वास आला, इस्त्री कापडावर विसरल्यावर येतो तसा. हात चाकाजवळ नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला, तरी तळव्याला झळ बसली. मग बाकीच्या तीन चाकांजवळ तसाच हात धरून पाहिला. तिन्ही कोमट. दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला आणि मागून ढकलून पाहिली. एरवी माझ्या एकटीच्या जोराने हलणारी गाडी जागची हलेना.

हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती. बाहेर दांडा खाली, केबल मात्र अर्धी खेचलेलीच, आणि ड्रमच्या आत लायनर चाकाला सतत घासत होते. मेकॅनिकने ड्रम उघडून दाखवला. आतला पृष्ठभाग निळसर पडला होता.

‘ताई, तुम्ही दोन महिने ब्रेक लावूनच गाडी चालवताय,’ तो म्हणाला.

नवी केबल, नवे लायनर. पुढच्या टाकीला १६.१. प्रकरण मिटलं. वाक्य मात्र मिटलं नाही. एका चाकाच्या ब्रेकने एवढं पेट्रोल खाल्लं, तर रोज माझ्या उजव्या पायाने चारही चाकांना लागणारा ब्रेक किती खात असेल?

हिशेब करायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. गाडी माणसांसकट १,२०० किलोची धरू. ताशी ६०च्या वेगात तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा, पण त्यातली बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पाव हिस्सा पोचला असं म्हणू. भागाकार केला की उत्तर येतं साधारण २० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीवर १० मिलीचं प्लास्टिकचं झाकण असतं, तशी दोन झाकणं पेट्रोल. साठवरून पूर्ण थांबलात की ही दोन झाकणं ब्रेकच्या लायनरमध्ये तापून हवेत गेली. पन्नास वेळा थांबलात की लिटर संपला. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ऐंशीवरून थांबायला साडेतीन झाकणांच्या वर लागतं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या यातला काही भाग परत बॅटरीत भरून घेतात. साध्या गाडीत तशी सोय नाही. तिथे एकच उपाय, ज्या वेगाचा पुढे ब्रेक होणार आहे तो वेग मुळात घ्यायचाच नाही.

मी तोवर समजत होते की पेट्रोल ॲक्सिलरेटरमध्ये जातं. जळतं तिथेच, पण वाया जातं ते ब्रेकमध्ये. तेव्हापासून मी गाडी चालवताना आपले ब्रेक मोजायला लागले. पहिल्या दिवशी ऑफिसपर्यंतच्या चौदा किलोमीटरमध्ये एकसष्ट. त्यातले किती गरजेचे होते? सिग्नल दोनशे मीटरवर लाल दिसतो आहे, तरी पाय ॲक्सिलरेटरवरच. का, तर पुढच्या गाडीच्या मागे जागा मोकळी आहे आणि मोकळी जागा दिसली की ती भरायची, हा हाताला-पायाला लागलेला रोग. मग पन्नास मीटरवर करकचून ब्रेक. लाल दिव्यापर्यंत घाईने पोचण्यासाठी दोन झाकणं.

आता लाल दिसला की पाय उचलते आणि गाडी गिअरमध्येच राहू देते. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचे फेरे पुरेसे असतील तर अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात. कित्येकदा मी पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि गाडी थांबावीच लागत नाही. थांबून पहिल्या गिअरमध्ये उचलण्यापेक्षा तिसऱ्यात सरकत निघून जाणं खूप स्वस्त. मागचे लोक हॉर्न देतात. एक जण तर काच खाली करून काहीतरी बोलून, मला ओलांडून पुढे गेला. पुढच्या सिग्नलला आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. (पाहिलं. पण हसले नाही.)

महिनाभरात ब्रेक एकसष्टवरून तीस-बत्तीसवर आले आणि वही १८.१वर गेली. ऑफिसला पोचायचा वेळ किती वाढला म्हणाल तर घड्याळात सापडला नाही.

बाकी गोष्टी आहेत, पण त्यांत मला फारसं काव्य दिसत नाही. वेगाचं गणित सरळ आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ८०च्या जागी १०० केलं की तो दीडपटीच्या वर जातो. तेलटंचाईच्या दिवसांत, १९७४च्या जानेवारीत, अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती ती याचसाठी. टपावरचं कॅरिअर वापरात नसेल तर काढून ठेवावं. रिकामंही वारा अडवतं. डिकीतलं ओझं उतरवावं; माझ्या डिकीतून जुन्या फरशांचं एक खोकं निघालं, ते मी दीड वर्ष फिरवत होते. उभ्या गाडीचं इंजिन छोटं असलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी असेल तर जास्त, त्यामुळे कुणाची वाट बघायची असेल तर चावी फिरवावी. गार इंजिन जास्त खातं, म्हणून पाच कामांसाठी पाचदा गाडी काढण्यापेक्षा एका फेरीत पाचही उरकावीत. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर त्यावर चिकटपट्टी लावू नये. ऑक्सिजन सेन्सर बिघडलेली गाडी भुकेल्या हत्तीसारखी पेट्रोल खाते. पहाटे पेट्रोल दाट असतं म्हणून पहाटे भरावं, यात दम नाही, कारण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही तसंच. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न पडू देण्याची ताकद, जास्तीची ऊर्जा नाही. गाडीच्या पुस्तकात मागितलेलं नसेल तर ते पैसे आपल्याकडेच राहू द्यावेत.

एक गोष्ट मात्र मला वहीनेही शिकवली नव्हती. ‘लिटरला किती किलोमीटर’ हा आकडा पैशांच्या बाबतीत फसवा आहे. २० देणारी गाडी २५ द्यायला लागली आणि १० देणारी १२, तर बचत कुणाची जास्त? कुणीही पहिलीचं नाव घेईल. हजार किलोमीटरला पाहा. पहिलीला आधी ५० लिटर लागायचं, आता ४०; वाचलं १०. दुसरीला आधी १००, आता ८३, वाचलं १७. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हाच गोंधळ मांडला होता. म्हणजे घरात दोन गाड्या असतील तर लक्ष द्यायचं ते कमी ॲव्हरेजवालीकडे. आणि वाईट सवयी असलेल्या ड्रायव्हरला चांगल्या ड्रायव्हरपेक्षा सुधारणेचा नफा जास्त, हे माझ्यासारखीला दिलासा देणारं आहे.

त्याच २००८ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने ‘हायपरमाइलिंग’ हा शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला. थेंब थेंब वाचवणाऱ्या या लोकांच्या काही युक्त्या मला पटतात, काही ऐकूनच अंगावर काटा येतो. ट्रकच्या मागे चिकटून चालवायचं म्हणजे हवेचा विरोध कमी होतो, ही त्यातली एक. पेट्रोल वाचेल खरं. पुढचं मी बोलत नाही.

बाबा मात्र जन्मजात हायपरमाइलर. तो शब्द जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते उताराला इंजिन बंद करायचे. मी शाळेत असताना घाट उतरताना गाडीत एकदम शांतता पसरायची, फक्त वाऱ्याचा आवाज. आई दाराचा दांडा घट्ट धरायची. बाबा म्हणायचे, ‘फुकट चाललोय.’ मला ते जगातलं सगळ्यात भारी वाक्य वाटायचं. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आज तो घाट आठवला की पोटात गोळा येतो.

गेल्या वर्षी बाबांच्या खुब्याचा सांधा बदलला. दवाखान्यातून घर २१० किलोमीटर. डॉक्टरांनी सांगितलं, हिसका बसू द्यायचा नाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवली, दोन उशा लावल्या आणि निघायच्या आधी सवयीने टाकी फुल केली.

तसं मी आयुष्यात कधी चालवलं नव्हतं. गतिरोधक दिसायच्या आधीच पाय उचललेला. पुढच्या गाडीशी एवढं अंतर की मध्ये चार-चार गाड्या घुसायच्या, घुसू दिल्या. क्लच सोडताना श्वास धरायचा. वेग साठ-पासष्ट, त्याच्या वर नाही. ब्रेक लागलाच तर असा, की उशीवर टेकलेलं बाबांचं डोकं पुढे येऊ नये. पेट्रोलचा विचार डोक्यात नव्हता.

घाट लागला. बाबा डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते. उतार सुरू होताच म्हणाले, ‘न्यूट्रल कर की.’

‘नाही बाबा. तुमच्या गाडीला कार्ब्युरेटर होता. पाय काढला तरी ती पेट्रोल ओढायची, म्हणून तुम्ही बंद करायचात. ही गिअरमध्ये पाय काढला की एक थेंब घेत नाही. न्यूट्रल केली तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागेल.’

‘न्यूट्रलला लांब जाते गाडी.’

तेही चूक नव्हतं. इंजिनाची ओढ सुटली की गाडी जास्त घरंगळते. हलक्या, लांब उतारावर न्यूट्रलची बाजू भक्कम होऊ शकते. पण घाटात घरंगळणं हवंय कुणाला? तिथे तर वेग अडवायचा असतो, आणि गिअर तो फुकटात अडवतो. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. निळा पडलेला ड्रम मी पाहिला होता. हे सगळं मी बोलले. बोलण्याच्या भरात एक खड्डा चुकवायचा राहिला आणि बाबांनी ‘आई गं’ केलं, त्यामुळे माझा मुद्दा जरा कमजोर झाला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे किलकिले करून पडद्याकडे पाहिलं. क्षणाक्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी उजव्या टोकाला जाऊन चिकटली होती.

‘हे काय? बिघडलं?’

‘पेट्रोल बंद आहे. त्याला भागाकार जमत नाहीये.’

‘इंजिन बंद नाही, पेट्रोल बंद,’ ते स्वतःशीच म्हणाले. मग बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. वळणानंतर मी ॲक्सिलरेटर दिला की पट्टी आत यायची, पाय काढला की टोकाला. लहान मुलाने लिफ्टचे आकडे बघावेत तसे बघत होते.

त्यांना रमवायला मी एक गोष्ट सांगितली. १९३९ मध्ये अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, शेल या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली होती की एका गॅलनमध्ये कोण सगळ्यात लांब जातो. जिंकणाऱ्याने जवळजवळ ५० मैल काढले. आपल्या भाषेत लिटरला २१. त्या काळातल्या अवजड गाडीत.

‘बंद करून सोडली असणार उताराला,’ बाबा म्हणाले.

घराजवळच्या पंपावर टाकी परत फुल केली. १०.३ लिटर. मी मोबाइल काढेपर्यंत बाबांनी तोंडी भागाकार केला होता. ‘वीस पॉइंट चार. वही दे.’

एका टाकीवर विश्वास ठेवू नये, नोझलचा फरक असतो, हे मला ठाऊक आहे. तरी त्या पानावर याआधी कधी २० आलेलं नव्हतं. त्यांनी मांडीवर वही ठेवून सावकाश तारीख, किलोमीटर, लिटर लिहिलं, २०.४ला गोल केला. पेन परत देता देता थांबले आणि गोलाच्या पुढे कंसात बारीक अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलं.

ते मी घरी त्यांना पलंगावर निजवून, गाडी लावायला खाली आले तेव्हा वाचलं.

(न्यूट्रल केली असती तर २१.)